शंका विचारू नयेत

ऑफिसात त्याला सगळे जमदग्नी म्हणत, अर्थात पाठीमागे. त्या आठवड्यात तर तो नावाला पुरेपूर जागत होता. रुग्णालयांसाठी बनवलेला त्याचा प्रोग्राम आता पाच परक्या भाषांत जायचा होता, आणि त्यासाठी पडद्यावर दिसणारं, कोडमध्ये जागोजागी पेरलेलं प्रत्येक वाक्य उपटून एका यादीत घालायचं होतं. आठ वर्षांचा पसारा आणि चार दिवसांची मुदत! हे पार पडलं तर सोमवारी विभागप्रमुखाची खुर्ची त्याची, असा साहेबांचा शब्द होता.

एकेक वाक्य वेचायला लागणारा धीर त्याच्याकडे कुठला? त्याने रागारागात कॉम्प्युटरलाच हुकूम सोडला: अवतरणचिन्हांत सापडेल ते सगळं उचल. चार हजार वाक्यं निघाली. एकही न वाचता त्याने ती भाषांतरकार बाईंकडे धाडली, वर तंबी दिली, "काही गाळू नये. शंका विचारू नयेत."

शुक्रवारी बाईंचा फोन आला.

"शंका विचारू नयेत असं लिहिलंय तुम्ही, पण..."

"मग विचारताय कशाला?"

"इथे आहे, 'हे बटण म्हणजे साहेबांचा हट्ट. बंद पडलं तर खापर त्यांच्याच डोक्यावर फोडा.' हे पेशंटना दिसणार आहे का?"

ते वाक्य जमदग्नीचंच होतं. साहेबांशी वाजलं, की तो कोडच्या एखाद्या कोपऱ्यात असं काहीतरी लिहून मोकळा व्हायचा. पडद्यावर ते कधीच येत नसे, म्हणून तर नोकरी टिकली होती.

"गाळा ते! अशी अकरा आहेत, सगळी गाळा!"

"गाळू नये, असं तुम्हीच लिहिलंय. आणि तुम्हाला शंका नको होत्या, म्हणून त्या मी साहेबांना पाठवल्या."

तो धावतच साहेबांच्या खोलीत गेला. यादी त्यांच्या हातात होती.

"अकरा," साहेब म्हणाले. "मोजली मी."

"साहेब, राग होता तो. चुकलं माझं."

"ते असू दे. बाईंची अजून एक शंका आहे. चिडणार नसशील तर वाचतो."

"मी कधी चिडतो?"

साहेबांनी घसा खाकरला. "'जमदग्नी चिडला आहे. त्याला चहा द्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.' बाई विचारतायत, जमदग्नी नावाचं यंत्र कुठल्या खोलीत असतं?"

हे काही कोपऱ्यातलं वाक्य नव्हतं. प्रोग्रामवर ताण आला की आठ वर्षं ते सदतीस रुग्णालयांच्या पडद्यांवर झळकत होतं. रुग्णालयांचे फोन जमदग्नीला कुणी घेऊच देत नसे, त्यामुळे त्याला पत्ता नव्हता.

"कुणी लिहिलं हे? नाव सांगा, आत्ताच्या आत्ता!"

"मी," साहेब पुटपुटले. "तू रुजू झालास त्याच आठवड्यात. हे बघ, तुझी अकरा मी विसरतो, माझं एक तू विसर. सोमवारी खुर्ची तुझी."

जमदग्नीने टेबलावर मूठ आपटली. "खुर्ची गेली खड्ड्यात! आणि दहा मिनिटं? दहा? मी पाच मिनिटांत शांत होतो, अख्खं ऑफिस सांगेल!"

साहेबांनी आपल्या पुढ्यातला चहाचा कप अलगद त्याच्याकडे सरकवला आणि घड्याळाकडे पाहिलं.