अभिप्राय क्रमांक सदतीस

सोमवारी सकाळी डबा भरता भरता सूनबाईंचं लक्ष बाहेरच्या खोलीतल्या टेबलाकडे गेलं आणि हातातला चमचा तिथेच थांबला. टेबल रिकामं होतं.

"बाबा, इथे एक जाडजूड बाड होतं. त्यावर चारचा आकडा होता."

"होतं की," सासरे दाढीच्या फेसातून म्हणाले. "सातला तुमच्या ऑफिसचा ड्रायव्हर आला होता, पाकिटं गोळा करत. त्याला दिलं."

"अहो, ते कोरं होतं! चौथ्या परीक्षकांना वेळ नव्हता म्हणून त्यांनी तसंच परत पाठवलं होतं."

"कोरं कुठलं? दोन दिवस बसून वाचलं मी. पेन्सिलीने शंका लिहिल्या. सोबतचा फॉर्म भरला, सही केली, पाकीट चिकटवलं. अर्धवट काम मला चालत नाही, माहीत आहे तुला."

सूनबाई मटकन खुर्चीत बसल्या.

सूनबाई पर्यावरण सल्लागार मंडळाच्या सचिव होत्या. संशोधकांनी जे शोधून काढलं ते सरकारला कळेल अशा भाषेत सांगायचं, एवढंच या मंडळाचं काम. मंडळ स्वतंत्र होतं, म्हणजे सरकारला ते संशोधकांचं वाटे, संशोधकांना सरकारचं वाटे आणि पत्रं दोघांचीही उशिरा येत. गावाबाहेरच्या तळ्यावर मंडळाने अकरा वर्षांत तीन अहवाल दिले होते. तिन्ही वेळा खात्याकडून एकच उत्तर आलं होतं: आभारी आहोत, नोंद घेतली. दर उन्हाळ्यात मासे मरून काठाला लागत, दर उन्हाळ्यात नोंद घेतली जाई. आता तर तळं मेलेलंच आहे असं म्हणून अर्धं बुजवून तिथे गाड्या लावायची सोय करायचा प्रस्ताव होता आणि महिनाअखेरीस निर्णय होणार होता. चौथा अहवाल त्याआधी, बाहेरच्या चार परीक्षकांकडून तपासून, जायचा होता. तोही नोंदीत गेला असता तर पाचवा लिहायला तळं उरणार नव्हतं.

आणि अशा वेळी परीक्षक म्हणून कोण, तर सासरे! त्यांनी बत्तीस वर्षं बसच्या आगारात वेळापत्रकं केली होती. निवृत्तीनंतर वेळापत्रक करायला हाताशी फक्त घर उरलं होतं आणि घरातली माणसं त्याला भलतीच कंटाळली होती.

सूनबाई धावतपळत ऑफिसात पोचल्या. पाकिटातले अभिप्राय सभागृहात गेले होते, फॉर्म मात्र त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी तो उघडला. 'मंडळातील कोणाशी आपले नाते आहे का?' या प्रश्नापुढे सासऱ्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'आहे. चांगलं आहे.'

फॉर्म मुठीत धरून त्या सभागृहाकडे निघाल्या, पण अध्यक्षबाईंनी वाचायला सुरुवात केली होती. पहिल्या परीक्षकांनी अहवाल उत्तम असल्याचं सांगून त्यात स्वतःचे तीन लेख घालायला सुचवलं होतं. दुसऱ्यांनी आणि तिसऱ्यांनीही साधारण हेच सुचवलं होतं, फक्त लेख आपापले होते.

"आता चौथे," अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला. "बाप रे. एकशे त्रेचाळीस अभिप्राय. लाल पेन्सिलीत."

सूनबाई दारातच थांबल्या.

"पान बारा. आपलं वाक्य, 'संबंधित यंत्रणांनी योग्य वेळी योग्य ती पावले उचलावीत.' यावर अभिप्राय, 'कोण? किती वाजता? अशी पाटी स्टँडवर लावली असती तर प्रवाशांनी मला चोपलं असतं.'"

माशांचे प्राध्यापक हळूच म्हणाले, "काय रूपक आहे! हा माणूस मोठ्या विद्यापीठातला असणार. लहान विद्यापीठातले इतकं थोडक्यात लिहीत नाहीत."

"पान अठ्ठावन्न," अध्यक्षबाई पुढे वाचू लागल्या. "आपण म्हटलंय, ओढ्याचं पाणी तळ्यात यावं म्हणून लोखंडी दरवाजा नियमित उघडावा. अभिप्राय क्रमांक सदतीस: 'चावी कोणाकडे?'"

नऊ तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दरवाज्यातून किती पाणी येईल, त्यात प्राणवायू किती असेल, त्याने किती जातींचे मासे जगतील, हे सगळं त्यांना दशांश चिन्हाच्या पुढपर्यंत ठाऊक होतं.

"सचिव, प्रत्येक अभिप्रायाला लेखी उत्तर द्यायचं, असा आपला नियम आहे ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आहे," सूनबाई खोल आवाजात म्हणाल्या. नियम त्यांनीच केला होता. फॉर्म मात्र त्यांनी पर्समध्ये ढकलला. उद्या सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि तिथेच त्या फसल्या.

दुसऱ्या दिवशी सांगायची सोय राहिली नाही, कारण मंडळ कामाला लागलं होतं. गाळाच्या अभ्यासक बाई एरवी फक्त चिखलाशी बोलायच्या. त्या आता सकाळपासून फोनला चिकटल्या होत्या.

"पाणीपुरवठावाले म्हणतात, दरवाजा त्यांचा, कुलूप रस्तेवाल्यांचं. रस्तेवाले म्हणतात, कुलूप त्यांचं, पण चावी बागखात्याला दिली. बागखातं म्हणतं, साहेब जेवायला गेलेत."

"कधी येतील?" प्राध्यापकांनी विचारलं आणि ते स्वतःच चपापले. असा साधा प्रश्न त्यांनी कित्येक वर्षांत विचारला नव्हता.

घरी वेगळाच ताप होता. रात्री जेवताना सूनबाईंनी विषय काढला. "बाबा, ते सदतीस नंबरचं..."

सासऱ्यांनी हात वर केला. "परीक्षकाशी बाहेर बोलायचं नसतं. फॉर्मच्या मागे छापलंय. कलम सहा."

"बाबा, मी तुमची सून आहे!"

"म्हणून तर जास्त काळजी घ्यायची. आमटी घे."

पाचव्या दिवशी चावी सापडली. बागखात्याच्या ऑफिसात ती कागदांवर वजन म्हणून ठेवलेली होती आणि तिला चिठ्ठी बांधलेली होती: 'कशाची ते माहीत नाही. टाकू नये.' गाळाच्या बाईंना ही बातमी सांगताना भरून आलं. एव्हाना दोनशे ऐंशी पानांचा अहवाल एकोणीस पानांवर आला होता. एका बाजूला काम, समोर ते करणारं खातं, त्यापुढे तारीख आणि वेळ. अकरा वर्षांत पहिल्यांदाच अहवाल वाचताना कुणाला जांभई आली नाही. सूनबाईंनी तो वाचला आणि त्यांना रडूच आलं, कारण तो फार चांगला झाला होता आणि तो असा पाठवणं बरोबर नव्हतं. उद्या खात्यात कुणाला हे नातं कळलं तर अहवाल बाद होणार आणि त्याबरोबर तळंही जाणार.

त्यांनी फॉर्म काढून अध्यक्षबाईंपुढे ठेवला. "चौथे परीक्षक माझे सासरे आहेत. बसचं वेळापत्रक करायचे. चूक माझी आहे. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

अध्यक्षबाईंनी 'आहे. चांगलं आहे' दोनदा वाचलं. "अहो बाई, नियमाप्रमाणे नातेवाइकांचे अभिप्राय रद्द करावे लागतात."

"म्हणजे पुन्हा दोनशे ऐंशी पानं?" प्राध्यापकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"का म्हणून?" गाळाच्या बाई ताडकन उठल्या. "प्रश्न त्यांचे होते, ते काढून टाका. उत्तरं आपली आहेत! पाच दिवस फोनवर डोकं मी फोडलंय, त्यांनी नाही."

यावर नियमात काहीच नव्हतं. अध्यक्षबाईंनी थोडा विचार केला आणि सगळी हकिगत अहवालाच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहायला लावली: सचिवांच्या सासऱ्यांचे अभिप्राय चुकून आले, ते रद्द केले, उत्तरं मंडळाने स्वतः तपासून ठेवली. सूनबाईंनी ते टाइप केलं आणि नोकरीवर मनातल्या मनात पाणी सोडलं.

पण झालं भलतंच. मंडळाचे अहवाल खात्यात कुणी उघडत नसे. हा उघडला गेला, कारण सासऱ्यांचं लफडं काय आहे ते सगळ्यांनाच वाचायचं होतं. कारकुनाने वाचून ते साहेबांना दाखवलं, साहेबांनी वरच्या साहेबांना. आणि लफडं अर्ध्या पानात संपल्यामुळे प्रत्येकाने पुढचं पान उलटलं. पुढच्या पानावर त्यांच्या खात्याचं नाव होतं, काम होतं, तारीख होती. अकराव्या दिवशी पत्र आलं. बुजवण्याचा प्रस्ताव वर्षभर पुढे ढकलला होता आणि दरवाजा सोमवारी सकाळी साडेदहाला उघडणार होता. सूनबाईंनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. 'नोंद घेतली' कुठेच नव्हतं. नोकरीबद्दलही काही नव्हतं.

सोमवारी सगळे काठावर जमले. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, मनगटावर जुनं घड्याळ बांधून आले होते. बागखात्याच्या माळ्याने कुलपात तेल सोडलं, चावी फिरवली, मग चार जणांनी मिळून चाक ओढलं. दरवाजा कुरकुरला आणि खालून पाण्याची बोटभर धार आली, मग हातभर, मग ओढाच आत शिरला. प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. गाळाच्या बाई डोळे पुसत होत्या.

"दहा चाळीस," सासरे घड्याळात बघत म्हणाले. "दहा मिनिटं लेट."

"अकरा वर्षं आणि दहा मिनिटं, बाबा," सूनबाई म्हणाल्या. त्यांना हसूही येत होतं आणि सासऱ्यांचा अभिमानही वाटत होता.

खात्याचे साहेब हात पुसत पुढे आले. सासऱ्यांनी त्यांना नमस्कार केला आणि खिशातून वही काढली.

"पुन्हा कधी उघडणार?"

"ते काय आहे," साहेब प्रसन्नपणे म्हणाले, "योग्य वे..."

बोलता बोलता त्यांची नजर सासऱ्यांच्या हातातल्या लाल पेन्सिलीकडे गेली.

"गुरुवारी," ते म्हणाले. "साडेदहाला."