भोजूनाईक तांड्याचा थांबा

रविवारी सकाळी नऊला गाडी सुटणार होती आणि गुरुवारपासूनच रतनसिंग राठोडांच्या घरातलं बोलणं बंद पडलं होतं. गाडी म्हणजे हातभर लांबीचं वाफेचं इंजिन आणि त्यामागे पत्र्याचे तीन डबे. रूळ अंगणात, शेवग्याच्या झाडाभोवती. भांडण मात्र खऱ्या रेल्वेच्या मापाचं होतं.

रतनसिंग एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. कनेरगाव नाक्याला रस्त्यालगत त्यांचं घर. लहानपणी मीटरगेजवर पाहिलेलं काळं इंजिन त्यांच्या डोक्यातून कधी उतरलंच नाही. वाफेची गाडी अजून कुठं चालते असं कळलं, की ते पिशवी भरत. एकदा पत्नी बेबीबाईंना तिरुपतीला म्हणून घेऊन निघाले आणि दर्शन उरकताच त्यांना निलगिरीच्या डोंगरातल्या गाडीत नेऊन बसवलं. डोळ्यात काजळीचा कण गेल्यामुळं बेबीबाईंनी तो सगळा हिरवागार घाट एका डोळ्यानं पाहिला आणि दुसऱ्या डोळ्यानं नवऱ्याकडं.

निवृत्तीनंतर तीन वर्षं खपून रतनसिंगांनी स्वतःचं इंजिन बनवलं. तांब्याच्या नळीचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, वर बोटभर शिट्टी. एकदा पाणी भरलं, की वाफ दहा-बारा मिनिटं पुरायची. जुन्या मार्गाची आठवण म्हणून त्यांनी रुळालगत चार पाट्या रोवल्या: पूर्णा, हिंगोली, कनेरगाव नाका, वाशीम. मग हौसेनं चार माणसांना बोलावणं धाडलं. चुकलं ते इथं.

गुरुवारी सकाळी शिरड शहापूरचे संतराम आले. आगारात दोघं बरोबरच लागलेले, संतराम कंडक्टर. त्यांनी रुळाला एक पूर्ण चक्कर मारली, पाट्या वाचल्या आणि कमरेवर हात ठेवले.

“राठोड, शिरड शहापूर कुठं हाये?”

“आरं, अंगण केवढं, जिल्हा केवढा! चारच पाट्या बसतात.”

“तीस साल तुह्या दुरुस्त केलेल्या गाड्यात उभा राहून तिकिटं फाडली म्या. आन तू माह्या गावाला थांबा देत न्हाईस?”

“थांबली की वाफ खर्च होते, संतराम. पुन्हा उठायला जोर लागतो तिला.”

“मंग विनंती थांबा दे. कुणी हात केला तरच थांबव.”

“हात कोण करील? डब्यात मुंगी बसत न्हाई!”

संतराम चहा न घेता गेले. दुपारी कुरुंद्याचे भिवाजी आले. ते रतनसिंगांचे जुने स्नेही, पाच एकर हळदीचे धनी. त्यांनी भांडण केलं नाही. खिशातून हळकुंडांची पुडी काढली आणि मधल्या डब्यात नीट रचून ठेवली.

“हे काय करून राहिले, भिवाजी?”

“माल भरून राहिलो. कुरुंद्याहून हळद निघाली म्हणून समजा. फकस्त तेवढी पाटी लावा.”

रतनसिंगांनी हळकुंडं एकेक करून बाहेर काढली. भिवाजींनी ती मोजून पुडीत घातली आणि तेही चहा न घेता गेले. बेबीबाईंनी दोन्ही वेळचा चहा मोरीत ओतला.

“माणसं येतात आन उपाशी जातात माह्या दारातून,” त्या म्हणाल्या. “काय जातंय एक पाटी लावायला?”

“एकाला लावली की धाजण येतील.”

“बरं. मंग माह्या माहेरची लावा, बाकीच्यांचं राहू द्या.”

रतनसिंग हातातला पाना खाली ठेवून बघतच राहिले. बेबीबाईंचं माहेर भोजूनाईक तांडा. तांड्याच्या उशालाच रूळ होते. पण तिथं गाडी कधीच थांबली नव्हती. रतनसिंगांनी ते सांगितलं. इतिहास म्हणून सांगितलं, टोमणा म्हणून नाही.

“म्हंजे तिनं थांबवली न्हाई आन तुमीबी थांबवनार न्हाई,” बेबीबाई म्हणाल्या. “बराबर हाये. लग्नाला चाळीस साल झाले, मला आज कळलं तुमी रेल्वेचे माणूस हायेत.”

त्यानंतर त्या बोलायच्या थांबल्या. ताट समोर यायचं, पण भाकरीवर लोणचं नसायचं. शनिवारी रतनसिंगांना कळलं, की त्या नुसत्या गप्प नव्हत्या, भावाला फोनही झाला होता.

रविवारी साडेआठला रतनसिंगांनी बॉयलरखाली दिवा लावला. संतराम आणि भिवाजी आले. रागावले तरी तमाशा चुकवणारी माणसं ती नव्हेत. पावणेनऊला दारात टेम्पो थांबला. त्यातून बेबीबाईंचा धाकटा भाऊ गुलाबचंद उतरला, त्याच्यामागं पंधरा-वीस माणसं उतरली आणि सगळ्यात शेवटी एक सतरंजी उतरली.

“जय सेवालाल, दाजी!” गुलाबचंद पाया पडला. मग त्यानं सतरंजी शेवग्याखाली बरोबर रुळांवर अंथरली, शेजारी काठीवर ‘भोजूनाईक तांडा’ अशी पाटी रोवली आणि माणसं ओळीनं बसवली.

“गुलाबचंद, हे काय?”

“रेल रोको.”

“आरं, रूळ वाकतील! तीन साल लागले मला!”

“आमाला सत्तर साल लागले, दाजी. तांड्याला थांबा द्या, आमी उठतो.”

“त्याला थांबा दिला तर शिरड शहापूरला पयला!” संतराम पुढं झाले.

“आन कुरुंद्याच्या मालाचं काय?” भिवाजींनी पुडी काढली.

इंजिनाच्या डोक्यावरून फुस्स फुस्स वाफ उडू लागली. बॉयलर तापला होता, आणि दर फुस्सबरोबर आतलं पाणी कमी होत होतं. रतनसिंगांचा जीव त्या वाफेबरोबर वर जात होता. ते हात जोडून म्हणाले, “बाबांनो, पाणी संपून राहिलं! आधी गाडी चालू द्या, मंग बोलू.”

“सगळे असंच म्हणतात,” गुलाबचंद म्हणाला. “लेखी द्या.”

कागद आला. पेन आलं, ते चाललं नाही. दुसरं आलं. मजकुरावर वाद झाला. ‘विचार करण्यात येईल’ कुणालाच मान्य नव्हतं. शेवटी संतरामांनी तोडगा काढला, तोही इतका साधा, की सगळे चाट पडले. कुणालाच थांबा नाही. पूर्ण एक चक्कर, सरळ एक्सप्रेस. आपल्याला मिळालं नाही याचं दुःख होतं, पण दुसऱ्यालाही मिळत नाही म्हटल्यावर ते सहन होण्यासारखं होतं. रतनसिंगांनी लिहून दिलं, खाली तिघांनी सह्या केल्या. गुलाबचंदनं नाइलाजानं सतरंजी गुंडाळली. पाटी मात्र तिथंच राहिली.

घाम पुसत रतनसिंगांनी झडप उघडली. इंजिनानं खोकल्यासारखा आवाज केला, चाकं फिरली आणि गाडी निघाली. पूर्णा गेलं. बोटभर शिट्टी वाजली तशी माणसं आपोआप मागं सरली. हिंगोली गेलं. संतरामांच्या तोंडून कंडक्टरच्या सवयीनं “चला, डबल!” असं निघून गेलं. रतनसिंगांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बॉयलरमधलं मात्र संपलं होतं.

शेवग्याच्या सावलीत गाडी हळू झाली. चाकं एकदा फिरली, अर्धी फिरली आणि गाडी भोजूनाईक तांड्याच्या पाटीसमोर, एक बोट इकडं नाही की तिकडं नाही, उभी राहिली.

मग तांड्याच्या माणसांनी असा जल्लोष केला, की रस्त्यावरचा ट्रक थांबला.

“दाजी!” गुलाबचंदनं त्यांना कवेत घेतलं. “सगळ्यांदेखत न्हाई म्हनले, आन गुपचूप थांबवली! मानलं तुमाला!”

“लेखी देऊन पाच मिनिटं झाली न्हाईत!” संतराम कागद नाचवू लागले. “सासुरवाडीसाठी सही मोडली, राठोड!”

“म्या न्हाई थांबवली! पाणी... ” रतनसिंग ओरडले. “पाणी!”

“आणते की,” मागून आवाज आला.

बेबीबाई होत्या. गुरुवारनंतर पहिल्यांदा बोलल्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात कुंकवाचं ताट. त्यांनी इंजिनाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि तांब्या नवऱ्यापुढं धरला. डोळे भरलेले होते, दोन्ही.

“माह्या बापानं उभी हयात त्या रुळाकडं बघत काढली,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटलं, तुमाला त्याचं काही न्हाई. इतक्या माणसांत तुमी शब्द मोडला माह्यासाठी.”

रतनसिंगांनी तोंड उघडलं. गाडी बंद पडली की बिघाड काय तो नोंदवहीत लिहायचा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. त्यांनी बेबीबाईंकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं आणि पाणी पिऊन टाकलं.

“व्हय,” ते म्हणाले.

संतराम आणि भिवाजी त्या दिवशीही चहा न घेता गेले. तांडा मात्र जेवून गेला.

सोमवारी सकाळी ठोकठोक ऐकून रतनसिंग अंगणात आले. शेवग्याखाली गवंडी बसला होता. शेजारी विटांची चळत, आणि बेबीबाई दोरी धरून त्याला माप दाखवत होत्या.

“हे काहून?”

“काहून म्हंजे? ओटा नको का?” बेबीबाई म्हणाल्या. “रोज गाडी थांबायची म्हणल्यावर माणसं उतरतील कुठं?”

रतनसिंग खाली वाकले आणि गवंड्याच्या हातात पहिली वीट दिली.