सबनीसकाकांची ओसाकातली बाकं

कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाचं नाव काढा, सबनीसकाका आधी विचारणार, तिथे बसायला काय आहे?

आमच्या कॅनडातल्या विनिपेगच्या गणपतीत एक नवं जोडपं नुकतंच नायगारा बघून आलं होतं. धबधबा, तुषार, इंद्रधनुष्य, सगळं हातवारे करून सांगत होतं. काका शेजारी मोदक खात ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "बाकं कुठल्या बाजूला आहेत? पाण्याकडे तोंड करून की पार्किंगकडे?"

जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं.

"म्हणजे नीट बघितलं नाहीत," काका म्हणाले आणि दुसरा मोदक घ्यायला उठले.

काका आमचे शेजारी. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एक ड्राइव्हवे आणि एक लायलॅकचं वाळकं झुडूप आहे. सत्तरच्या दशकात ते इथे आले, उत्तरेकडच्या धरणांवर इंजिनियर म्हणून आयुष्य काढलं, निवृत्त झाले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी मीनल, इथेच वाढली, आणि नोकरीच्या निमित्तानं थेट जपानात जाऊन स्थिरावली. ती आणि तिचा नवरा केंजी ओसाकाला राहतात. काका दर वसंतात त्यांच्याकडे महिनाभर जातात, आणि परत येतात ते एखाद्या खाणीतून बाहेर पडल्यासारखे. एअरपोर्टवर त्यांना घ्यायला मीच जाते. गाडीत बसले की पहिलं वाक्य ठरलेलं, "झालं एकदाचं."

तरीही ओसाकाची माहिती म्हणजे काका, हे विनिपेगमधल्या सगळ्या मराठी लोकांना ठाऊक होतं. ओसाकातून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं जे जे म्हणून आहे ते सगळं त्यांनी पाहिलेलं. फक्त त्यांच्या सांगण्यात कसला उत्साह नसायचा. रेशनच्या रांगेत आपला नंबर कधी लागेल ते सांगावं, तसं ते जपान सांगायचे.

गेल्या वर्षी आम्हीही जपानला जायचं ठरवलं. खरं तर निखिलनं, माझ्या नवऱ्यानं ठरवलं. मी त्या दिवसांत इतकी थकलेली होते की मला कुणी सांगितलं असतं, तुझी सुट्टी बेसमेंटमध्ये झोपण्यात जाईल, तर मी आनंदानं हो म्हटलं असतं. पण निखिलनं तिकिटं काढली आणि काकांना चहाला बोलावलं.

"काका, ओसाकात राहून आजूबाजूचं सगळं करायचंय," निखिल म्हणाला. "हिमेजीचा किल्ला आणि कोबे एका दिवसात होईल ना?"

"होईल की. हिमेजीला आत बूट काढून हातात घ्यावे लागतात आणि जिने शिडीसारखे उभे आहेत. वर पोचलात की खिडकीतून दिसतं, आपण किती चढून आलो ते. मग उतरायचं. बघण्यासारखं आहे, बसण्यासारखं नाही."

"आणि ओसाकाचा किल्ला?"

"त्याला लिफ्ट आहे." काकांच्या आवाजात किंचित आदर आला. "बाहेर खंदकाजवळ झाडाखाली बाकं आहेत. सकाळी सावली असते, दुपारनंतर नाही."

"क्योतोला त्या लाल कमानींचं देऊळ?"

"डोंगर आहे तो. कमानी संपत नाहीत. लोक फोटो काढतात आणि मागचे लोक थांबतात. तुम्ही मागचे असणार."

मिनोच्या धबधब्याला जाताना रस्त्यात मेपलची पानं तळून विकतात, हे ऐकून मला हसू आलं. "काका, मेपल तर आपल्या अंगणात पडतंय. तळायला तिकडे कशाला जायचं?"

"तेच मी मीनलला म्हटलं. ती म्हणाली, बाबा, ट्राय तरी करा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "केली मी ट्राय. भज्यासारखी लागतात. आत पान आहे म्हणून खायचं."

जाता जाता दारात बूट चढवताना मात्र ते स्वतःहून म्हणाले, "नाराला जाल तेव्हा मोठ्या बुद्धाच्या देवळामागे एक तळं आहे. तिथे चहाची टपरी आहे एका बाईंची. बाहेर लाकडी बाक आहे. तिथे बसा." आणि मग, आपण जरा जास्तच बोललो असं वाटून, "हरणं पिशवी ओढतात. पिशवी मांडीवर ठेवा."

आम्ही गेलो. जे काकांनी सांगितलं होतं ते अक्षरशः तसंच होतं. हिमेजीच्या तिसऱ्या जिन्यावर निखिल माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका बरोबर होते." लाल कमानींमध्ये आम्ही मागचे होतो. नारापर्यंत माझ्या टाचांना फोड आले होते आणि आमच्यातलं बोलणं "पाणी आहे का" आणि "वॉशरूम कुठे आहे" एवढ्यावर आलं होतं. हरणांनी निखिलचा नकाशा खाल्ला. त्याला वाईट वाटलं नाही.

टपरी सापडली. बाई म्हाताऱ्या होत्या, कमरेत वाकलेल्या. बाकावर बसून मी चहा घेतला आणि सहज फोनवरचा काकांचा फोटो त्यांना दाखवला. त्यांचा चेहरा एकदम खुलला. आत जाऊन त्यांनी एक निळी, चपटी झालेली उशी आणली, माझ्या शेजारी बाकाच्या टोकाला ठेवली आणि तिच्यावर हात थापटून दाखवला. निखिलनं फोनवर भाषांतराचं ॲप लावलं. बाई त्यात बोलल्या आणि फोन इंग्रजीत म्हणाला की हे आजोबा सकाळी येतात, दिवसभर बसतात, सारखं घड्याळ बघतात, आणि संध्याकाळ झाली की जातात.

"देऊळ बघायला जात नाहीत?" निखिलनं विचारलं.

बाई हसून काहीतरी म्हणाल्या. फोन म्हणाला, "देऊळ त्यांचं पाहून झालेलं आहे."

परत आल्यावर हा विषय मी लगेच काढला नाही. थंडी पडायला लागल्यावर काकांच्या डोळ्यांची तपासणी होती, मोतीबिंदू पिकला होता. मी त्यांना घेऊन निघाले. रस्त्यावर पहिला बर्फ आणि पुढे सगळ्या गाड्या रांगत चाललेल्या. मी म्हटलं, "काका, टपरीवाल्या बाईंनी तुमची उशी दाखवली."

काकांनी हातमोज्यानं समोरच्या काचेवरचं धुकं पुसलं.

"मीनल घरून काम करते," मग म्हणाले. "त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरीच असायचो, पेपर वाचत. ती मीटिंगमध्ये असायची आणि दर थोड्या वेळानं दारातून डोकावायची. बाबा, बोअर होताय का? बाबा, चहा हवा का? एकदा तिचा बॉस बोलत होता आणि ती माझ्याकडे बघत होती. चेहरा असा, की आपलं काहीतरी चुकतंय." त्यांनी हातमोजे काढून पुन्हा घातले. "दुसऱ्या दिवशी म्हटलं, मी जरा फिरून येतो. तिला इतकं बरं वाटलं. संध्याकाळी विचारलं, काय पाहिलं? मी सांगितलं. जेवताना दोघं ऐकत होते. मग रोज कुठेतरी जावं लागलं. सांगायला काहीतरी हवं ना."

"आणि पाऊस असला तर?"

"ओसाकात शहराभोवती गोल फिरणारी एक लोकल गाडी आहे. कुठेही उतरायचं नाही. आत हीटिंग असतं." सिग्नल हिरवा झाला. "फिरायची मला कधीच आवड नव्हती गं. काकूला होती."

जानेवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यासाठी मीनल आली. उणे अठ्ठावीस तापमानात, एका सुटकेसमध्ये काकांसाठी अर्धं ओसाका भरून. मला वाटलं, आता तरी दोघं निवांत बसतील. पण दोनच दिवसांत बघते तर काय, ड्राइव्हवेमधून गाडी निघतेय, मीनल चालवतेय आणि शेजारी काळा चष्मा लावलेले काका, मफलरमध्ये नाकापर्यंत गुंडाळलेले. त्या दिवशी म्युझियम झालं. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या नदीवर चालायला. तिसऱ्या दिवशी काचेच्या घरातली झाडं. काका खिडकीतून माझ्याकडे हात करायचे, सासरी निघालेल्या मुलीसारखे.

चौथ्या दिवशी मीनल आमच्याकडे थोडी हळद मागायला आली आणि खुर्चीत बसली ती उठेचना. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. जेट लॅग, थंडी आणि रात्री जागून ओसाकाच्या ऑफिसची कामं, असं तिचं चाललं होतं.

"आज कुठे?" मी विचारलं.

"लेक विनिपेग. फ्रोझन लेक बघायला. मला अजिबात जायचं नाहीये, ताई, मी इतकी टायर्ड आहे," ती म्हणाली. "पण बाबांना फिरायची इतकी हौस आहे ना. घरात बसले की ते सॅड होतात. ओसाकाला मी दरवर्षी त्यांच्यासाठी एक आठवडा रजा टाकते, वाटतं, घरी बसू, गप्पा मारू. पण ते सकाळीच सॅक घेऊन तयार. मग मी रजा कॅन्सल करते. आय मीन, त्यांना बांधून कसं ठेवणार?"

मी गॅस बंद केला. काकांनी मला गुपित म्हणून काही सांगितलं नव्हतं, पण कुणाला सांग असंही म्हटलं नव्हतं. मी दोन वाट्या बाहेर काढल्या, पुन्हा ठेवल्या.

"मीनल," मी म्हटलं, "काकांना फिरायला आवडत नाही."

ती हसली. मी हसले नाही. मग मी तिला टपरी, उशी आणि ती गोल फिरणारी गाडी, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा "पण रोज रात्री तर ते इतकं रंगवून" एवढं म्हणाली आणि थांबली. हळद न घेताच गेली.

गाडी त्या दिवशी निघाली नाही. दुपारी बर्फ पडायला लागला आणि तिच्या टपावर जाड थर चढला. संध्याकाळच्या आधी मी हळदीची पुडी आणि थोडी खिचडी घेऊन त्यांच्या दाराशी गेले. बेल वाजवणार तोच काकांनीच दार उघडलं. माझी चाहूल त्यांना लागली असावी. ओठांवर बोट.

आत सोफ्यावर मीनल झोपली होती, लहान मुलीसारखी पाय पोटाशी घेऊन. लॅपटॉप बंद. टीव्ही चालू होता, पण आवाज नव्हता. सोफ्याशेजारी अगदी जवळ एक खुर्ची ओढलेली होती.

"जेवली का काही?" मी हळू आवाजात विचारलं.

"वरणभात. दोन वाढणी." काकांनी डबा माझ्या हातातून घेतला. "दुपारभर बोलत होती. मग बोलता बोलताच झोप लागली."

"तुम्ही पण पडा थोडं."

"पडतो," ते म्हणाले. पण ते पडणार नव्हते. दार लावून घेताना मला दिसलं, ते परत जाऊन त्याच खुर्चीत बसले आणि तिच्या पायावरून सरकलेली शाल त्यांनी हळूच वर ओढली.