वरचे थोरल्याचे, खालचे धाकट्याचे

या, थोडं पुढे सरकून बसा. मागून गोष्ट ऐकू येते पण दात दिसत नाहीत, आणि ही गोष्ट सगळी दातांचीच आहे. दोन्ही मुलांना सारखा न्याय द्यायला गेलेल्या आणि त्यापायी स्वतःचंच तोंड बंद करून बसलेल्या एका बापाची. ऐकून हसाल. हसा, पण जरा बेताने.

माणसाला देव दोनदा दात देतो. तिसऱ्या खेपेचं काम त्याने अण्णांकडे सोपवलं होतं. अण्णा कवळ्या बनवत. पुढे दुकान, मागे लांबट खोली, खोलीत एक खिडकी, एक टेबल आणि मान वळवता येणारा एक दिवा. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. एका खोलीत इतके जबडे, पण गेलं वर्षभर तिथे कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

कारण वारसा. हे दुकान तीन पिढ्या एकाच्याच हाती जात आलेलं. अण्णांच्या वेळी ते अण्णांना मिळालं, आणि त्यांचा सख्खा भाऊ त्या दिवशी टेबलावरून जो उठला तो पुन्हा कधी त्यांच्या शेजारी बसला नाही. आता अण्णा पंचाहत्तरीला आले होते आणि त्यांनाही एक नाव सांगायचं होतं. थोरला बोटांनी मेण दाबून माप घेणारा. दात चावण्यासाठी असतात, असं त्याचं मत. धाकट्याने संगणकावर माप घेणारं यंत्र आणलेलं. दात हसण्यासाठी असतात, असं त्याचं. थोरला सकाळी बसे, धाकटा दुपारी. एकाची खुर्ची गार होते न होते तोच दुसरा येई, पण दोघांची गाठ पडत नसे. निरोप असलाच तर टेबलावर चिठ्ठी. मधल्या अर्ध्या तासात अण्णा त्या खोलीत जाऊन स्टुलावर बसत. काही करत नसत. दोघं भाऊ एका दिव्याखाली माना घालून बसलेत, एवढंच डोळे मिटून बघत.

अशात अण्णांची स्वतःची कवळी बेसिनमध्ये पडून फुटली. त्यांनी ती सांधून घेतली असती, पण मुलांनी घेऊ दिली नाही. सकाळी थोरल्याने माप घेतलं, दुपारी धाकट्याने. पंचाहत्तरीच्या दिवशी अण्णा ज्याची कवळी घालतील त्याचं दुकान, हे कुणी बोललं नाही आणि सगळ्यांना कळलं.

तो रविवार उजाडला. बाहेरच्या खोलीत पाहुणे, आत आरशापुढे अण्णा आणि दोन डब्या. थोरल्याचे दात किंचित पिवळट, आयुष्यभर भाकरतुकडा चावल्यासारखे. धाकट्याचे पांढरेशुभ्र, नवरदेवाला शोभतील असे. टॉवेल द्यायला आलेल्या थोरल्या सुनेला अण्णांनी विचारलं, कुणाची घालू? ती म्हणाली, "मला नका विचारू अण्णा. मला दोन्हीकडे जेवायला जायचं असतं."

अण्णा दहा मिनिटं डोकं धरून बसले. मग त्यांना एक तोड सुचली. वरची थोरल्याची घालायची, खालची धाकट्याची. जन्मभर जबडे जुळवलेल्या माणसाला असलं काही सुचावं, यावरून तो किती घायकुतीला आला होता ते समजून घ्या.

ओठ मिटून हसत अण्णा बाहेर आले. त्यांची बहीण, म्हणजे मुलांची आत्या, हट्टाला पेटली की आधी दोन घास खा आणि मग काय ते सांग. अण्णांनी पावाच्या कडक कडेचा तुकडा तोंडात घेतला. खट्ट असा आवाज झाला. वरचा सुळा खालच्या खाचेत जाऊन कडी लागावी तसा बसला. अण्णा बोलायला उभे राहिले. ओठ हलले, दात हलेनात.

पाहुण्यांना वाटलं, कंठ दाटून आला. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले की या मौनात केवढं भाषण आहे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी हाताने नाही नाही केलं. केवढा हा विनय, म्हणून आणखी टाळ्या. मग हिरडीला चिमटा बसून अण्णांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, तेव्हा मात्र आत्या हुंदके देऊ लागली आणि पाठोपाठ अर्धी खोली. थोरल्या सुनेच्या तेवढं लक्षात आलं की ओठांच्या कोपऱ्यातून डोकावणारा पावाचा तुकडा पाच मिनिटं होता तिथेच आहे.

"अहो," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "अण्णा रडत नाहीयेत. त्यांची दातखीळ बसलीय."

दोघा भावांनी बापाला काखेत हात घालून मागच्या खोलीत नेलं. खुर्चीत बसवलं.

"दिवा धर," थोरला म्हणाला. वर्षभरात धाकट्याशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द.

"धरलाय. तू ओठ वर कर."

"माझा सुळा तुझ्या खाचेत अडकलाय."

"ती खाच नाहीये, दादा. नैसर्गिक दिसावं म्हणून ठेवलेली फट आहे."

"पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला फट कशाला लागते रे?"

"हळू बोल. त्यांचं तोंड बंद आहे, कान उघडे आहेत."

दोघांची कपाळं एकमेकांना टेकली होती आणि मधे अण्णांचे डोळे एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. थोरल्याने वरून पातळ पट्टी सरकवली, धाकट्याने खालून अंगठा दिला. वीस मिनिटांनी जबडा सुटला. दारात उभ्या आत्याने लगेच विचारलं, मग नाव कुणाचं? अण्णांनी हिरडीवरून जीभ फिरवली. ते म्हणाले की तोंडच जाग्यावर नाही तर नाव कसं घेऊ? आधी वरचे आणि खालचे जुळवून द्या.

जुळवायचे म्हणजे दोघांना एकत्र बसणं आलं. तीन दिवस ते बसले, भांडले, एकमेकांचा चहा चुकून प्यायले. अण्णा स्टुलावर डोळे उघडे ठेवून बसून होते. चौथ्या दिवशी कवळी अशी बसली की अण्णांनी त्याच पावाची कड कडाकड फोडली. भावांनी टेबल पुसलं. थोरला म्हणाला, मी सकाळचा येईन. धाकटा म्हणाला, मी दुपारचा.

त्या दोघांच्या मधल्या अर्ध्या तासात अण्णांनी खिळ्यावरची बारीक कानस काढली.

कवळी नीट बसवायला कसब लागतं, पण नेमकी केसभर बिघडवायला त्याहून जास्त लागतं. संध्याकाळी अण्णा म्हणाले, डावीकडे जरा टोचतंय. थोरला बघायला आला तर म्हणाले, एकट्याने नाही जमायचं, खालच्याला पण बोलाव. तो आठवडा डावीकडे गेला, पुढचा उजवीकडे. नाव सांगायचं लांबत चाललं. एकदा थोरल्या सुनेला त्यांच्या मांडीवर कवळीच्या हिरड्यांची गुलाबी भुकटी दिसली. दुसऱ्या दिवशी स्टुलावर तिने एक जुना नॅपकिन घडी करून ठेवला, मांडीवर पसरायला.

पण मुलंही त्याच हाताखाली शिकलेली. एका दुपारी धाकट्याने कवळीला भिंग लावलं. भिंग थोरल्याकडे सरकवलं. कवळीवर बारीक, तिरके, एका दिशेचे ओरखडे होते. दोघांनाही कानस तशीच धरायला शिकवली होती. थोरला बराच वेळ बघत राहिला. स्टुलावर अण्णा झोपेचं सोंग घेऊन बसले होते, आणि सोंग चांगलं नव्हतं.

"माप घेताना माझंच चुकलं असणार," थोरला म्हणाला.

"माझंही." धाकट्याने भिंग पुसून ठेवलं. "उद्या परत बसायला लागेल."

"सकाळचं की दुपारचं?"

"तू असशील तेव्हा."

अण्णा पुढे सहा वर्षं जगले. त्यांनी नाव काही सांगितलं नाही, आणि मग कुणी विचारेनासंही झालं. ती सहा वर्षं त्यांनी बहुतेक मऊ खाऊनच काढली, कारण बत्तीस उत्तम दात असूनही अण्णा ते कधी एका आठवड्यापेक्षा जास्त नीट टिकू द्यायचे नाहीत.

आता उठण्याआधी एक मागणं. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस पुन्हा पुन्हा एकाच जागी दुखतंय म्हणून सांगत असेल, तर आमच्या अण्णांची आठवण ठेवा, आणि बघायला एकटे जाऊ नका.