कॉम्प्युटरच्या कपाळावरची पट्टी

कॉम्प्युटरचा वेग वाढवायला लोक उगाच घाबरतात. थोडी सबुरी, थोडी अक्कल आणि तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर, एवढं जवळ असलं की कुठलाही प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा सुखाने जास्त धावतो. हे मी अनुभवाने सांगतो. आमचा कॉम्प्युटर सध्या जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, तो भाग वेगळा.

झालं असं, की सासऱ्यांचा उजवा हात थरथर कापायला लागला आणि ते आमच्याकडे राहायला आले. कपातला निम्मा चहा सदऱ्यावर सांडायचा. "मी चहा पितो कमी आणि नेसतो जास्त," असं ते स्वतःच म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं, की यावर अजून खात्रीचं औषध निघालेलं नाही. त्यानंतर ती थट्टाही बंद झाली.

त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना एक प्रकल्प दाखवला. जगभरातले हौशी लोक घरचे रिकामटेकडे कॉम्प्युटर संशोधकांना उसने देतात. डोंगराएवढ्या गणिताचे तुकडे घरोघर वाटले जातात आणि उत्तरं इंटरनेटवरून परत जातात. हे गणित नेमकं हात कापण्याच्या आजारावरच्या औषधाचं होतं. बायकोच्या जुन्या लॅपटॉपवर आधी रंगीत तालीम केली आणि मग माझ्या तगड्या कॉम्प्युटरला जुंपलं. त्याच्या प्रोसेसरमध्ये आठ आचारी असून प्रत्येक जण दोन-दोन शेगड्या सांभाळतो, म्हणजे एकाच वेळी सोळा शेगड्यांवर तुमचं औषध शिजतंय, असं मी सासऱ्यांना समजावलं.

ते खुर्ची ओढून समोर बसले. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, आच जरा मोठी नाही करता येणार?"

लग्नाला वीस वर्षं झाली. या माणसाने माझ्याकडून आजवर कसलीही अपेक्षा ठेवली नव्हती, आणि मीही त्यांना कधी निराश केलं नव्हतं. ही पहिलीच मागणी! नाही कसं म्हणणार?

वेग वाढवण्याचा नियम साधा आहे. एक पायरी चढायची, दिवसभर चाचणी घ्यायची, उत्तरं चुकत नाहीत ना आणि डोकं तापत नाही ना हे पाहायचं, मगच पुढची पायरी. मी पायरी चढलो. चाचणी चहा होईपर्यंत घेतली. चहा उकळला तरी कॉम्प्युटर चालूच होता, म्हणजे पास! असे पाच-सहा चहा झाले. पंखा विमानासारखा ओरडतोय, अशी बायकोने तक्रार केली. प्रगतीला आवाज असायचाच, असं मी तिला सांगितलं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावला, आणि तो लाल झाला की मला फोन करा, असं सांगून सासऱ्यांना पहाऱ्यावर बसवलं.

माणूसच बदलला हो! सकाळी दाढी करून ड्युटीवर हजर. जेवणाचं ताटही तिथेच. बायकोला त्या खोलीत झाडू मारायलासुद्धा परवानगी लागू लागली. तरी ती खूश होती. बाबा पुन्हा माणसांत आले होते.

एका दुपारी ऑफिसात साहेब आम्हाला तत्परतेचं महत्त्व पटवून देत असताना सासऱ्यांचा फोन आला. मी कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला.

संध्याकाळी घरी आलो तर विमान उतरलेलं. घर चिडीचूप. सासरे खुर्चीत बसलेले, आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर ओल्या नॅपकिनची व्यवस्थित घडी.

आकडा लाल झाला होता. मी फोन उचलत नव्हतो. लहानपणी लेक तापाने फणफणली की ते रात्रभर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायचे. तोच उपाय त्यांनी केला. कॉम्प्युटरचं कपाळ कुठलं ते हात लावून शोधलं. सगळ्यात जास्त चटका बसला ती जागा, म्हणजे नेमकी वरची जाळी.

"पिळला होता मी," ते खाली बघत म्हणाले. "पण या हाताने घट्ट पिळवत नाही आता."

कॉम्प्युटर तसाही जुना झाला होता, वगैरे मी बोलून पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

"इतके दिवस शिजवलेलं सगळं मी सांडलं."

बायकोने लॅपटॉप उघडला. "काही सांडलं नाही बाबा. उत्तरं केव्हाच पोचलीत त्यांच्याकडे. थांबा, दाखवते." तिने प्रकल्पाचं पान उघडलं आणि वाचू लागली. "अग्राह्य. अग्राह्य. अग्राह्य... अहो, हे काय आहे?"

प्रकल्पवाले एकच तुकडा दोन घरी पाठवतात आणि उत्तरं जुळली तरच घेतात. फाजील पळवलेला प्रोसेसर बंद पडेलच असं नाही. तो चेहऱ्यावर काही न दाखवता चुकीच्या बेरजा करत राहतो. मी आच वाढवल्यापासून या कॉम्प्युटरचं एकही उत्तर कुणाशी जुळलं नव्हतं. सोळाच्या सोळा शेगड्यांवर करपलेलं.

सासऱ्यांनी मान वर केली. "म्हणजे नीट चाललेलं मी बिघडवलं नाही?"

"नाही बाबा."

"आधीच बिघडलं होतं?"

"हो."

"जावईबापूंनी?"

"हो!" हे उत्तर बायकोने इतक्या आनंदाने दिलं की मला बोलायची गरजच पडली नाही.

यादीच्या तळाशी मात्र हिरव्या ओळी होत्या. रंगीत तालमीनंतर लॅपटॉपवरून तो प्रोग्राम काढायला मी विसरलो होतो. बायको मेल वाचत असताना तो बिचारा मागच्या मागे, बैलगाडीच्या चालीने, एकेक तुकडा सोडवत होता. सगळे बरोबर.

आता तो लॅपटॉप सासऱ्यांच्या खोलीत आहे. त्याच्यावर चहा सांडू नये म्हणून ते चहा खिडकीशी जाऊन पितात, आणि किती पितो नि किती नेसतो हेही पुन्हा सांगायला लागलेत. परवा मी दारातून डोकावून सहज म्हटलं, "बाबा, याला फक्त एकच पायरी..."

त्यांनी कापरा हात लॅपटॉपवर ठेवला. "मला घाई नाही, जावईबापू. तुम्ही बाहेरच बसा."

तेव्हापासून त्या औषधाच्या संशोधनाला मीही हातभार लावतोय. बाहेर बसतो.