उलटी माती

"माती म्हणजे उघडं पुस्तक! फक्त वाचता यायला हवं!" असं मातीमास्तर वर्गात दर आठवड्याला एकदा तरी म्हणत. बावीस वर्षं ते शेतकी शाळेत माती शिकवत होते आणि बावीस वर्षांत त्यांना कुणी मातीबद्दल चूक दाखवू शकलं नव्हतं. आता, तशी हिंमतच कुणी केली नव्हती, ही गोष्ट वेगळी!

त्या वर्षी शाळेत बाहेरून परीक्षक बाई यायच्या होत्या. बाकीचे शिक्षक तक्ते रंगवत बसले. मास्तरांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन जाहीर केलं, "तक्ते कसले दाखवता? मी त्यांना जमिनीच्या पोटातच उतरवतो! पाच फूट खोल खड्डा, सरळ कापलेली भिंत, सगळे थर केकच्या तुकड्यासारखे स्वच्छ! बाई आयुष्यभर विसरणार नाहीत."

खड्ड्याला जमीन हवी. शाळेच्या आवारात सगळी भर घातलेली, विटांचे तुकडे आणि जुनी खडी. पण मास्तरांच्या ताईचं शेत होतं ना! शाळेपासून अर्ध्या तासावर, अस्सल पोयट्याची जमीन. दाजी गेल्यापासून ताई एकटीच ते शेत बघत होती आणि तिच्या गाजरांसाठी लोक सकाळपासून फाटकाशी उभे राहत.

"मधलाच पट्टा हवा का तुला?" ताईने विचारलं. "कडेला खण की. कडेला मी काही लावत नाही."

"ताई, कडेची माती म्हणजे नमुना नव्हे. उत्तम माती दाखवायची तर उत्तम जागाच हवी!"

"आणि नंतर?"

"नंतर जशी होती तशी! तुला कळणारसुद्धा नाही इथे खड्डा होता म्हणून."

ताईने मधल्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "तू म्हणतोस तर खण."

पुढे कितीतरी महिने मास्तरांना हे चार शब्द आठवत राहिले.

खणायला जेसीबीवाला बोलावला. माणूस मोठा हौशी. "किती खणू साहेब?" मास्तर म्हणाले, "तीस मुलं आणि एक बाई नीट उभी राहतील एवढं." जेसीबीवाल्याने मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत असा खड्डा काढला की त्यात एक बैठकीची खोली, पलंग-कपाटासकट मावली असती! रस्त्याने जाणारे थांबून विचारू लागले. कुणी म्हणालं विहीर, कुणी म्हणालं तळघर. शेजारच्या शेतातले नाना तर बांधावर येऊन हळूच विचारून गेले, "मास्तर, काही पुरलेलं सापडलं का? मी कुणाला बोलणार नाही."

"नाना, ही विद्या आहे!" मास्तर म्हणाले.

एका बाबतीत मात्र मास्तर खरोखरच काटेकोर होते. वरची माती वेगळी, मधली वेगळी, खालची वेगळी, असे तीन ढीग त्यांनी करायला लावले आणि प्रत्येकात एकेक पाटी रोवली. वरच्या थराच्या ढिगावर 'एक', मधल्या थरावर 'दोन', खालच्यावर 'तीन'. पुस्तकात थर वरून खाली मोजतात. मास्तरांनीही तसेच मोजले. यात चूक काय? काहीच नाही! तीच तर पंचाईत झाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जो धडा घेतला, तसा त्यांनी आयुष्यात घेतला नव्हता. हातात खुरपं, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. मुलं खड्ड्यात दाटीवाटीने उभी. परीक्षक बाई उतारावरून चष्मा सावरत खाली आल्या.

"हा वरचा थर बघा. नऊ इंच. गडद तपकिरी. मुळं बघा, गांडुळांची बिळं बघा. कुजलेला पाला, शेणखत, सगळं यात मुरलंय. हातात घेतली की रवाळ मोडते. पिकाचा सगळा संसार या नऊ इंचांत!" मास्तरांनी चिमूटभर माती ओली करून बोटांमध्ये दाबली. तिची पट्टी जेमतेम बोटाच्या पेराएवढी निघाली आणि तुटली. "बघा! नुसती वाळू असती तर पट्टीच झाली नसती. चिकणमाती असती तर रिबिनीसारखी लोंबली असती. यात वाळू, गाळ आणि चिकण तिघंही एका घरात भांडण न करता राहतात. म्हणून पाणी धरते आणि जास्तीचं सोडूनही देते. हा पोयटा!"

मग त्यांनी खुरप्याच्या मुठीने खालच्या बाजूला ठोकलं. टक् टक् आवाज आला. "हा नांगराच्या तळाखाली दबलेला कडक पट्टा. त्याच्याखाली दुसरा थर, रंग फिका, घट्ट. वरून वाहून आलेली चिकण इथे साठते. ढेकळाच्या बाजू कशा चकाकतात! आणि सगळ्यात खाली हा पिवळट थर. चुनखडीचे खडे, मग मुरूम. यात जीव नाही. हा थर वर आला तर दहा वर्षं धड पीक येणार नाही! एक इंच चांगली माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, लिहून घ्या!"

मुलांनी लिहून घेतलं. बाईंनीसुद्धा लिहून घेतलं!

धडा संपला. शाळेत परत आल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा झाला आणि बाई म्हणाल्या, "असा धडा मी कुठेच पाहिला नाही." मास्तर खुर्चीत दोन इंच वर आले. तेवढ्यात फोन वाजला. जेसीबीवाला.

"साहेब, खड्डा भरू का? ताई म्हणतात वासरू पडेल त्यात."

"भर, भर!"

"कसा भरू?"

बाई पुढे म्हणत होत्या, "तुमचा हा प्रयोग तर सगळ्या शाळांनी..." मास्तरांचा एक कान फोनला होता, पण जीव मात्र दुसऱ्या कानात गोळा झाला होता.

"अरे, आकडे लावलेत ना मी? आकड्यांप्रमाणे भर!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. "हं, काय म्हणत होतात मॅडम?"

जेसीबीवाल्याने आकड्यांप्रमाणे भरला. आधी एक. मग दोन. मग तीन.

मास्तर संध्याकाळी शेतावर पोहोचले तेव्हा जेसीबीवाला घाम पुसत होता. जमीन टेबलासारखी सपाट केलेली. आणि मधोमध, ताईच्या तपकिरी शेतात, एका खोलीएवढं पिवळं ठिगळ! त्यात चुनखडीचे खडे दातांसारखे चमकत होते.

"हे... हे काय केलंस?"

"आकड्यांप्रमाणे साहेब! एक, दोन, तीन. शाळेत हेच शिकवतात ना?"

नऊ इंचांचा तो सगळा संसार पाच फुटांखाली गाडला गेला होता! अजूनही वेळ होता. यंत्र तिथेच उभं होतं. 'चुकलं, परत काढ,' एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यात ताई आली, तिच्यामागून नानाही बांधावर आले आणि मास्तरांच्या तोंडून भलतंच निघालं.

"रंग वेगळा दिसतोय रे," ताई वाकून ढेकूळ उचलत म्हणाली. तिने ते बोटांनी दाबलं. फुटेना. "ही वरची आहे?"

"ते... मुद्दामच केलंय!" मास्तर म्हणाले. "खालची माती विश्रांती घेऊन ताजीतवानी झालेली असते. ती वर आणायची. वरची दमलेली खाली. नवीन पद्धत आहे."

ताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ढेकळाकडे. मग ढेकूळ खाली ठेवलं. "बरं," ती म्हणाली.

नाना मात्र बांधावर बराच वेळ मान हलवत उभे होते. "दमलेली माती! वा! हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही बघा."

घरी आल्यावर मास्तर जेवले नाहीत. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जा आणि सांगून टाका ताईंना."

"सांगतो. रविवारी."

रविवारी मुलांचे पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी पाठ दुखत होती. तिसऱ्या रविवारी ताईने गाजरं पेरून टाकल्याचं कळलं. आता पेरल्यावर काय सांगायचं? उगवू तर दे, मग बघू! माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला किती कारणं सुचतात!

पाचव्या आठवड्यात शाळा सुटताना जेसीबीवाल्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"साहेब, तुमचे उपकार कसे फेडू! नानांचे भाजीचे सगळे वाफे उलटे केले परवा. अगदी तुमच्याच पद्धतीने! आता पलीकडचे तिघं आलेत, म्हणतात आमचीही दमलीय. या क्षणी पहिल्याच्या शेतात यंत्र लावलंय. ताईंच्या मागेच!"

मास्तरांनी फोन ठेवला नाही, तो हातातून गळून पडला. स्कूटर सुरू होईना. लाथ मारून मारून सुरू केली आणि ते जे निघाले, ते वाटेत दोनदा घसरले, एकदा कोंबड्यांच्या घोळक्यातून गेले आणि शेतात पोहोचले तेव्हा यंत्राचा दात जमिनीला लागतच होता.

"थांबव!" मास्तर ओरडले.

यंत्राच्या घरघरीत जेसीबीवाल्याला काय ऐकू गेलं कुणास ठाऊक. "लांबव? लांबवतो साहेब!" आणि त्याने यंत्र पुढे घेतलं.

मास्तर धावत जाऊन थेट यंत्राच्या पुढ्यात उभे राहिले, दोन्ही हात वर करून. यंत्र बंद झालं. एकदम शांत झालं सगळं. तिन्ही शेतकरी बघू लागले. बांधावरून नाना आले. पलीकडून पदर खोचून ताई आली.

"नवीन पद्धत वगैरे काही नाही," मास्तर म्हणाले. धापेमुळे शब्द तुटत होते. "माती दमत नाही. जीव वरच्याच मातीत असतो. खड्डा चुकून उलटा भरला गेला आणि मला सांगायची लाज वाटली. म्हणून खोटं बोललो."

मग जेसीबीवाला वरून म्हणाला, "म्हणजे आकडे चुकीचे होते?"

"आकडे बरोबर होते रे. मी चुकीचा होतो."

तिघं शेतकरी एकमेकांकडे बघत निघून गेले. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि बांधावर बसले.

"तीस वर्षं शेणखत घातलं होतं मी त्या वाफ्यांत," ते म्हणाले. मास्तरांना नव्हे, जमिनीला सांगितल्यासारखे. "बायको होती तेव्हापासून."

मास्तर ताईकडे वळले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर रात्रीची झोप तरी लागली असती.

"मला त्याच दिवशी वाटलं होतं रे धाकट्या," ती म्हणाली. "ढेकूळ हातात घेतलं, फुटेना. वास घेतला, वासच नाही. पण म्हटलं, तू शिकलेला. माझ्या हाताचंच काहीतरी चुकत असेल."

चाळीस वर्षं त्या मातीत वाकलेला हात! आणि तिने तो खोटा मानला होता, मास्तरांच्या शब्दाखातर. मास्तर नुसते बूट बघत राहिले.

ताईचा खड्डा दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरला. या वेळी मास्तर यंत्राच्या शेजारी सकाळपासून उभे होते आणि कुणाचाही फोन घेत नव्हते. वरची माती परत वर आली, पण शुद्ध नाही. चहात विरघळलेलं बिस्कीट बाहेर काढावं तशी! निम्मी खालच्या चिकणीत गेलेली, निम्मी खड्यांत मिसळलेली. त्या पट्ट्यात त्या वर्षी गाजरं आली, पण एकेकाला तीन-तीन पाय. ताईने ती विकली नाहीत. वासराला घातली.

नानांना मास्तर म्हणाले, "तुमचेही वाफे परत उलटवू, मी स्वतः उभा राहतो."

"नको," नाना म्हणाले. "आता राहू द्या मास्तर. आणखी शास्त्र नको."

तेव्हापासून मास्तर दर रविवारी पाठीवर कुजलेल्या खताची पोती वाहून नानांच्या वाफ्यांत टाकतात. पाठ अजूनही दुखते, पण आता ते कुणाला सांगत नाहीत. नाना बांधावर बसून बघतात, बोलत नाहीत. पहिल्या वर्षी कोबी मुठीएवढी झाली. दुसऱ्या वर्षी दोन मुठींएवढी.

त्या दुसऱ्या वर्षी मास्तर नव्या मुलांना घेऊन तिथे आले. पिवळ्या वाफ्याशी थांबून ते म्हणाले, "थर उलटे झाले की काय होतं, ते इथे बघा. पाणी मुरत नाही. वर पापडी धरते. गांडूळ एकही नाही."

एका मुलीने हात वर केला. "सर, हे कशामुळे झालं?"

मास्तरांनी घसा साफ केला. "याला आपण पुस्तकात, अं... मानवी हस्तक्षेप म्हणतो."

"कोण तो मानव, तेही सांगा की मास्तर!" मागून आवाज आला. नाना! दोन वर्षांत पहिल्यांदा बोलले होते.

तीस मुलं मास्तरांकडे बघत होती. मास्तरांनी सांगितलं. खड्डा, पाट्या, चहा, फोन, सगळं.

मुलांनी तेही वहीत उतरवून घेतलं. एकीने तर विचारलं, "सर, हे परीक्षेला येईल का?"