चौतीस बाया आणि एक चेहरा

हे बघा, चित्रांतून पत्र पाठवायची युक्ती अख्ख्या कळमनुरी तालुक्यात सगळ्यात आधी माझ्या डोक्यात आली. यात मी कुणाला वाटा देणार नाही. आमच्या याडीला, म्हणजे आईला, अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि दोन हजार दोन साली मी पुण्यात होतो. पत्र पाठवलं की वाचणारा शोधा, मग तो वाचणारा निम्मा मजकूर स्वतःच्या पदरचा घालणार. म्हटलं, मी पेंटर माणूस, दुकानांचे बोर्ड रंगवतो. चित्रंच पाठवतो की!

दोनशे पानी वही घेतली, पानापानावर चौकटी आखल्या आणि पुण्यातले सहा महिने त्यांत भरले. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि ते शहर मला रोज येड्यात काढायचं. पहाटे बागेत माणसं जीव घेऊन पळायची आणि मागं कुणी लागलेलं नसायचं. कुत्रं पुढं, मालक मागं, कोण कुणाला फिरवतंय तेच कळायचं नाही. पोरी तोंडाला फडकं गुंडाळून स्कूटीवर, नुसते डोळे दिसणार. दारावर पाटी, जिन्यात पाटी आणि पाटीखाली ‘वरची पाटी नीट वाचा’ अशी आणखी एक पाटी. एका खोलीत आम्ही पाच जण आणि बादली एक. उपाशी झोपलेल्या रात्रीही होत्या, पण त्या वहीत घेतल्या नाहीत. याडी बघणार होती ना. आज ते दिवस आठवले की जीव तिकडंच ओढतो, काय सांगू तुम्हाला.

वहीचा हिरो अर्थातच मी. माझ्या खालोखाल काम होतं घरमालकीणबाईंना. चौसष्ट वर्षांची खमकी बाई. सहाला दार बडवायची, नळाला कुलूप लावायची, लाइट चालू राहिला की कान धरायची. मी तापानं फणफणलो तेव्हा तिनंच काढा पाजला, कपाळावर हात ठेवून बसली आणि स्कूटीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. हे सगळं मी चौकटीचौकटीत काढलं.

फक्त एक होतं. मला बाईचा एकच चेहरा काढता यायचा. साड्यांच्या दुकानाचे बोर्ड रंगवून हात त्यावरच बसलेला. टपोरे डोळे, कमानदार भुवया, गालावर बट. त्यामुळं वहीतल्या मालकीणबाई विशीच्या वर जाईनात. मला वाटलं, चालतंय, याडीला कळंल.

एका ओळखीच्या ट्रकवाल्यासोबत वही वारंगा फाट्याला पाठवली. तिथं पुनमचंदचा एसटीडी बूथ होता, तेच आमच्या बंजारा तांड्याचं टपालखातं म्हणा. पंधरा दिवसांनी, मी कामाला होतो त्या पेंटरच्या दुकानात त्याचाच फोन.

“रणजीत, तू काय करून राहिला रे तिथं?”

“बोर्ड रंगवून राहिलो.”

“तसं न्हाई. बाया किती हायत?”

“कुठल्या बाया?”

“तांड्यात दोन मतं हायत. कोणी म्हणतंय एक, कोणी म्हणतंय चौतीस. धर्मसिंगकाका सगाई मोडायला बसलेत. परवा बैठक हाय, निघ तू.”

धर्मसिंगकाका म्हणजे माझे होणारे सासरे. त्यांच्या शितलशी माझी सगाई झाली होती आणि दिवाळीनंतर लगीन ठरलं होतं. डी.एड. करत होती ती. मी तिला एकदाच पाहिलं होतं. चहा देताना म्हणाली, “बोर्डावर तुमचं नाव कुठं लिहिता?” मी म्हटलं, “लिहीत न्हाई.” तर म्हणाली, “लिहीत जा.” बास. मला ती पोरगी मनापासून आवडली होती. एका वहीपायी ती हातची जाणार या विचारानं मी एसटीत एक घास खाल्ला नाही.

झालं होतं असं. याडीनं कौतुकानं वही व्याह्यांना दाखवली. आमच्याकडं चौकटीतली गोष्ट कुणी बघितलीच नव्हती. धर्मसिंगकाकांची हयात बैलबाजारात गेलेली, मुंडकी मोजायची सवय. जेवढ्या चौकटीत बाई, तेवढ्या बाया. चौतीस भरल्या. त्या हिशेबानं मीसुद्धा शंभराच्या वर होतो, पण माझ्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

बैठक लिंबाखाली बसली. बोलणं सगळं गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत झालं, तुमच्यासाठी मराठीत सांगतो. वसराम नाईकांनी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांनी, वही मांडीवर घेतली.

“माझा इचार असा हाय,” नाईक म्हणाले, “एक असंल तर भानगड हाय. चौतीस असत्याल तर मंग ती नोकरी असंल. एवढ्या भानगडी करायला माणसाला टाइम गावत न्हाई.”

“नोकरीत बाई कपाळावर हात ठिवती व्हय?” धर्मसिंगकाकांनी पान उघडून पुढं केलं.

याडी उठली. “चौतीसच हायत. एकीनं काढा देला, एकीनं दवाखान्यात नेलं. चौतीस माउल्या माझ्या लेकराला जपून राहिल्या, तुमाला काहून तकलीफ?”

याडीनं माझी बाजू घेतली ती अशी! मला राहवलं नाही. मी उठलो आणि छाती पुढं काढून म्हणालो, “चौतीस न्हाईत. सगळीकडं एकच बाई हाय.”

लिंबाखालची सगळी मुंडकी माझ्याकडं वळली.

“कबूल केलं,” धर्मसिंगकाका म्हणाले आणि उठून पायात जोडा घालायला लागले.

“अवो काका, ती घरमालकीण हाय. चौसष्ट वर्षांची म्हातारी!”

“ही?”

“व्हय.”

“केस काळेभोर हायत.”

“माझा पेनच काळा होता.”

“आन् सुरकुती एक न्हाई?”

“काका, मला बाईचा एकच चेहरा काढता येतो. कुणाचंही काढलं तरी हीच उतरती.”

काका अर्ध्या जोड्यातच थांबले. नाईकांनी सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, “मंग काढून दाव. भिकाबाईचं काढ.”

भिकाबाई म्हणजे तांड्यातली सगळ्यात म्हातारी बाई. ऐंशीच्या पुढची, तोंडात एक दात, तोही हलता. तिला समोर बसवलं. मी घाम पुसत तिच्याकडं बघून बघून काढलं. चित्र पुरं झालं तर टपोरे डोळे, कमानदार भुवया, गालावर बट. वहीतली बाईच!

नाईकांनी चित्र वहीशेजारी धरलं. भिकाबाईनं ते हातात घेतलं आणि म्हणाली, “बराबर हाय. जवानीत मी अशीच व्हते.”

मग तांड्यातल्या आणखी तिघीचौघी पुढं बसल्या. सगळ्या एकसारख्या उतरल्या. शेवटी माझी याडी बसली, तीही तशीच. नाईकांनी वही मिटली. “पोरगं निर्दोष हाय. कलाकार कच्चा हाय, एवढंच.” धर्मसिंगकाकांच्या मिशीत हसू आलं आणि त्यांनी जोडा काढून ठेवला.

मी सुटलो म्हणून बसणार, तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून आवाज आला, “आता माझं काढा.”

शितल. आईसोबत आली होती, मला पत्ताच नव्हता. जीव ओतून काढलं हो मी. पाऊण तास लावला. तिनं कागद घेतला, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि एकदा भिकाबाईच्या हातातल्या कागदाकडं.

“बापू,” ती वडलांना म्हणाली, “मी यांच्यासंगच लगीन करते. पण माझा चेहरा काढता आल्यावर. ज्या माणसाला माझ्यात आन् भिकाबाईत फरक दिसत न्हाई, त्याच्या घरी मी कशी जाऊ?”

सगळी बैठक हसली. मला मात्र रडू यायचं बाकी होतं, कारण नाईकांनी लगेच मान डोलावली आणि मुदत दिवाळीपर्यंतची ठरली.

डी.एड.च्या फॉर्मवरचा तिचा एक फोटो मिळाला, नखाएवढा. तो घेऊन मी पुण्याला परतलो. बोर्डाच्या मागं, रद्दीवर, खोलीच्या भिंतीवर, चार महिने दुसरं काही काढलं नाही. तेव्हा कुठं दिसलं की तिची डावी भुवई उजवीपेक्षा आखूड आहे, हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण आहे आणि ती हसत नसली तरी डोळे हसत असतात. दिवाळीच्या आधी एक चित्र पाठवलं. आठ दिवसांनी पुनमचंदचा फोन आला. “ती म्हणती, व्हय.” एवढंच. मी दुकानाच्या मागं जाऊन पोटभर रडलो.

लगीन झालं. पुढं मी गावाकडं परतलो आणि कळमनुरीत बोर्डाचं दुकान टाकलं. पण हात एकदा बसला तो बसला. साडी सेंटरच्या बोर्डावर शितल, शिवणक्लासच्या बोर्डावर शितल, मेडिकलवर लेकराला औषध पाजणारी आई तीही शितल. बाजाराच्या दिवशी बायको सोबत असली की लोक बोर्डाकडं बघायचे आणि मग तिच्याकडं. ती मनातून खूश असायची, हे मला कळायचं.

दोन हजार नऊ साली मी एका डेअरीचा बोर्ड केला. कौतुकानं तिला दाखवायला घेऊन गेलो. ती कितीतरी वेळ वर बघत उभी राहिली.

“कसा झाला?” मी विचारलं.

“चांगला झाला,” ती म्हणाली, “पण म्हशीची डावी भुवई आखूड काहून?”